जंगलात जिओकॅशिंग: शेवटचे दहा मीटर कसे काढायचे

'बाण दाखवेल तिकडे चालत राहा, डबा सापडेल.' जिओकॅशिंगबद्दल हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि मोकळ्या मैदानात तो चालतोही. पण मी ज्या जंगलात शोधते, म्हणजे अमेरिकेतल्या ओरेगनमधल्या पोर्टलंडचं फॉरेस्ट पार्क, तिथे हाच सल्ला पाळून लोक तास-तास एका झाडाभोवती फिरतात, पोरं कंटाळतात आणि पुन्हा कधी येत नाहीत. ते मला खरंच वाईट वाटतं, म्हणून हे लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच, की कोणीतरी डबा लपवतो (त्यालाच 'कॅश' म्हणतात), त्याचे कोऑर्डिनेट्स, म्हणजे अक्षांश-रेखांश, ॲपवर टाकतो, आपण जीपीएसने जाऊन तो शोधायचा, आतल्या कागदावर नाव लिहायचं आणि डबा परत तिथेच ठेवायचा. या खेळाचं माहेर पोर्टलंडच्याच बाजूला आहे. नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक अमेरिकेने मे २००० च्या सुरुवातीला बंद केली, तोवर शंभर मीटरपर्यंत घोळ व्हायचा. लगेच ३ मे २००० ला डेव्ह अल्मर यांनी शहराच्या दक्षिणेला बीव्हरक्रीकजवळ एक बादली लपवली आणि जागा इंटरनेटवर टाकली, तीन दिवसांच्या आत ती सापडलीसुद्धा. आज तिथे स्मरणफलक आहे. आई-बाबा किंवा सासू-सासरे उन्हाळ्यात भारतातून आले असतील तर त्यांना तिकडेही न्या, मोकळी जागा आहे, चालायला सोपं.

घरून करायचं ते थोडंच आहे. कॅशचं पान ऑफलाइन सेव्ह करा, दरीत सिग्नल जातो. पहिल्यांदा जाताना 'रेग्युलर' साइजची, अवघडपणा आणि वाट या दोन्हींचे पाचपैकी गुण दोनच्या आत असलेलीच निवडा, बोटाएवढ्या 'मायक्रो'च्या मागे जाऊ नका. पेन्सिल, टॉर्च, पूर्ण बाह्यांचा शर्ट. ॲपमध्ये फूट काढून मीटर करा, पावलं मोजायला सोपं जातं. कोऑर्डिनेट्स हाताने टाकत असाल तर ते अंश आणि मिनिटांत असतात हे लक्षात ठेवा, ४५° ३२.१५० म्हणजे ४५.३२१५० नव्हे, असं टाकलंत तर वीस-तीस किलोमीटर लांब पोचाल.

पार्क मोठं आहे, सुमारे ५,२०० एकर. सुरुवात त्यातल्या लोअर मॅक्ले भागापासून करा, बाल्च क्रीक या ओढ्याच्या काठाने वाट आहे आणि मैलभराच्या आत एक दगडी पडकं घर लागतं, तिथपर्यंत पोरं न कुरकुरता चालतात.

वाटेवर एकच जपायचं. बाण सरळ रेषेत दाखवतो, वाट तशी जात नाही. 'ऐंशी मीटर' दिसतं आणि मध्ये ओढ्याची घळ असते. अशा वेळी उतारावरून खाली घुसू नका. ती वाट बहुतेक वळून तिथेच येते, नाहीतर तुम्ही चुकीच्या वाटेवर आहात. नकाशा उघडा, कॅशच्या सगळ्यात जवळून कुठली वाट जाते ते बघा आणि त्या वाटेनेच जा. इथली माती भुसभुशीत आहे, चार जण एकाच जागेवरून उतरले की पुढच्या पावसात तिथे ओघळ पडतो.

आता खरा अवघड भाग, ज्यात माझी पहिली दोन वर्षं गेली.

जीपीएसचा सिग्नल आकाशातून येईपर्यंत फारच क्षीण झालेला असतो. वर डग्लस फरच्या झाडांची दाट छत्री, ती बारा महिने हिरवी, त्यात पावसाने भिजलेली, आणि बाजूला दरीची भिंत, त्यामुळे निम्मे उपग्रह दिसत नाहीत आणि जे दिसतात त्यांचा सिग्नल खोडांवर, कड्यावर आपटून उशिरा येतो, मग फोनला वाटतं आपण पंधरा मीटर पलीकडे उभे आहोत. म्हणून बाण एकदा पुढे, एकदा मागे फिरतो. शिवाय डबा लपवणाऱ्याचा जीपीएसही याच झाडाखाली चुकलेला असतो, दोघांच्या चुका मिळून वीस मीटर सहज होतात. फोनवर 'शून्य मीटर' आलं म्हणजे डबा पायाखाली आहे असं अजिबात नाही. तो आकडा पकडायला नाचू नका.

त्याऐवजी मी हे करते. तीस मीटर उरले की थांबते, शक्यतो जिथे वर थोडं आकाश दिसतं तिथे, आणि दोन मिनिटं फोन हातात स्थिर धरून उभी राहते. दोन मिनिटं म्हणजे खरंच दोन मिनिटं. बाण कुठल्या झाडाकडे दाखवतोय ते लक्षात ठेवते. मग वाटेवरूनच हळूहळू पुढे चालत जाते, अंतर कमी होत होत एका ठिकाणी परत वाढायला लागतं, जिथे सगळ्यात कमी होतं तिथे वाटेवर काडी ठेवते. तीसेक मीटर पुढे जाऊन पुन्हा थांबते, पुन्हा दोन मिनिटं, आणि तिथून बाण कुठे दाखवतो ते बघते. दोन्ही ठिकाणच्या रेषा जिथे एकमेकींना छेदतात ती तुमची जागा, आणि ती काडीच्या डाव्या किंवा उजव्या हाताला साधारण समोरच असायला हवी. नसेल तर पुन्हा एकदा करा, तिसरी रेषा घ्या. एवढं झालं की फोन खिशात. हे मी कोणाबरोबर गेले तरी हट्टाने करायला लावते, कारण फोन हातात असला की माणूस डोळ्यांनी बघतच नाही.

मग लपवणाऱ्याच्या डोक्याने विचार करा. वाटेवरून एक-दोन पावलांत हात कुठे पोचेल? पोकळ बुंधा, आडव्या पडलेल्या ओंडक्याची मागची बाजू, मुळांमधली खोबण, लाकडी पुलाचा खालचा भाग. निसर्गात काड्या एकमेकींना समांतर पडत नाहीत, सालीचे तुकडे एकावर एक रचलेले नसतात, तसं काही दिसलं की तिथेच बघा. उकरू मात्र नका, जागेच्या मालकाने खास परवानगी दिल्याशिवाय डबा जमिनीत पुरायचा नाही असा या खेळाचा नियम आहे, त्यामुळे 'माती सारून बघा' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. फर्न उपटणं, शेवाळ सोलणं तर मला सहनच होत नाही, डबा काढताना ते करावं लागत असेल तर ती जागा चुकीची आहे.

आणि हात घालण्याआधी टॉर्च आणि काडी. मी एकदा घाईत ओंडक्यामागे सरळ हात घातला तो नेटलच्या झुडपात, इथे ओढ्याकाठी ती भरपूर असते, खाजकुयली लागल्यासारखी आग झाली आणि मनगट दुसऱ्या दिवसापर्यंत चुरचुरत होतं. सोबत सहा वर्षांची भाची होती, तिचा हात आधी गेला असता तर या विचाराने अजून अंगावर काटा येतो.

पंधरा मिनिटांत नाही सापडला तर कॅशच्या पानावरची हिंट आणि जुने लॉग, म्हणजे आधी शोधणाऱ्यांच्या नोंदी, वाचा. शेवटच्या चार जणांना सापडला नसेल तर डबा बहुधा गेलाय, सोडून द्या, पुढच्या कॅशकडे वळा. लाजेने न लिहिता निघून जाऊ नका, 'सापडला नाही' अशी नोंद टाका, त्यावरूनच मालकाला कळतं की जाऊन बघायला हवं.

सापडला की आजूबाजूला कोणी नाही ना ते बघून उघडा, नाव-तारीख लिहा. पोरांना आतली वस्तू हवी असेल तर तेवढ्याच किंवा जास्त किमतीची आपली ठेवा, खाऊ कधीच नाही, वासाने प्राणी डबा फोडतात. नंबर कोरलेली धातूची चकती असेल तर ती प्रवासी वस्तू आहे, पुढच्या कॅशमध्ये नेऊन ठेवणार असाल तरच उचला.

झाकण कट्ट आवाज येईपर्यंत दाबा, इथल्या पावसात फटीतून आलेलं पाणी आठवड्यात कागदाचा लगदा करतं. डबा होता तिथेच, होता त्याच बाजूला ठेवा, 'इथे जास्त छान लपेल' म्हणून हातभर जरी सरकवलात तरी पुढच्याच्या वीस मीटरच्या गोंधळात तुमची भर पडते. जाताना वाटेवर ठेवलेली काडी उचला.