केटलबेल सर्किट: आधी स्विंग पक्का करा, मग राउंड मोजा

एक केटलबेल (वर मूठ असलेला लोखंडी गोळा) आणि स्वतःच्या शरीराचं वजन एवढ्यावर कस लावणारं सर्किट, म्हणजे ठरावीक व्यायाम सलग, फेरी-फेरीने करणं, मुंबईतल्या वन-रूम-किचनमध्येही होतं. दोन मीटर बाय दोन मीटर मोकळी फरशी आणि आठवड्यातले तीन दिवस पुरतात. अडतं ते सल्ल्यांपाशी. मोबाइलवर आणि जिममध्ये सगळा जोर घाम किती आला आणि राउंड किती झाले यावर असतो. तिसऱ्या राउंडला समोरच्याची पाठ धनुष्यासारखी वाकलेली असते आणि तरी मागून ‘अजून दहा’ ऐकू येत असतं. असं सर्किट चार आठवडे चालतं. पाचव्या आठवड्यात कंबर धरते आणि बेल पलंगाखाली जाते.

म्हणून या लेखात निम्मी जागा एकट्या स्विंगसाठी, म्हणजे बेल मांड्यांमधून छातीपर्यंत झुलवण्यासाठी, ठेवली आहे. सर्किटमधले बाकीचे व्यायाम थोडे चुकले तरी निभावतात. स्विंग चुकला तर निभावत नाही.

बेल कोणती घ्यावी

व्यायामाची थोडीफार सवय असलेल्या पुरुषाने १६ किलोची घ्यावी. बायकांनी १२ किलोची घ्यावी आणि अगदीच नवीन असाल तर ८ची. रशियात वजन पूडमध्ये मोजत. एक पूड म्हणजे साधारण १६.४ किलो, म्हणून केटलबेलच्या वजनांची मूळ चढण १६, २४, ३२, म्हणजे एक, दीड, दोन पूड, अशी आहे. ‘आधी चार-पाच किलोने सुरुवात करा’ हा सल्ला मोठ्या माणसांसाठी निरुपयोगी आहे. एवढं वजन नुसत्या हाताने वर जातं, त्यामुळे खुब्यातून जोर काढायची वेळच येत नाही आणि खांद्याने उचलायची सवय लागते. ती सवय पुढे सुटता सुटत नाही.

फोटो बघून मागवू नका. धोबी तलावला खेळाच्या सामानाची दुकानं आहेत, तिथे जाऊन हातात धरून बघा. दोन्ही हातांची बोटं मुठीत बसली पाहिजेत. मुठीच्या खालच्या बाजूने बोट फिरवा. ओतकामाचा कंगोरा लागत असेल तर दुसरी मागा किंवा घरी पॉलिश पेपरने घासून काढा, नाहीतर पहिल्याच आठवड्यात तळहाताची साल निघेल. प्लास्टिकच्या खोळीत सिमेंट भरलेल्या बेल स्वस्त असतात, पण त्या वजनाच्या मानाने फुगीर असतात आणि मांड्यांमधून नीट जात नाहीत. ओतीव लोखंडाची एकच घ्या, ती जन्मभर पुरते.

जागा

अनवाणी किंवा सपाट तळव्याच्या बुटात करा. धावण्याच्या बुटांचा जाड, मऊ तळवा पाय डळमळीत करतो. बेल टेकवायला खाली रबरी मॅट हवीच, खालच्या मजल्यावर माणसं राहतात. तुमच्या पुढच्या आणि मागच्या रेषेत कोणी नको, विशेषतः मुलं. घामेजल्या हातातून बेल सुटली तर ती सरळ पुढे जाते.

हर्निया, मणक्याची चकती सरकलेली, वाढलेला रक्तदाब, नुकतंच बाळंतपण यातलं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

स्विंग म्हणजे बैठक नव्हे

आपल्याकडे घराघरात जोर-बैठका ठाऊक असतात. त्यामुळे मांड्यांमधली बेल वर झुलवायची म्हटलं की शरीर आपोआप बैठक मारतं. गुडघे पुढे येतात, धड ताठ राहतं, बेल सरळ खाली गुडघ्यांपर्यंत जाते आणि तिथून ती खांद्याने उचलावी लागते. मग मांडीच्या पुढच्या भागात आग होते, खांदे भरून येतात आणि कंबर आवळते. यातलं काहीही होत असेल तर तुम्ही स्विंग करत नाही आहात.

स्विंगमध्ये घडी खुब्यात पडते. गुडघे जेमतेम वाकतात, नडग्या जवळजवळ उभ्या राहतात, बूड मागे जातं आणि त्याचा तोल राखायला धड पुढे कलतं. दोन्ही हातांत भांडी असताना फ्रिजचं दार आपण बुडाने मागे ढकलतो, हालचाल नेमकी तीच.

‘पाठ सरळ ठेवा’ ही सूचना तुम्ही ऐकली असेल. ती अर्धवट आहे आणि तिने फायद्यापेक्षा नुकसान जास्त केलं आहे. ऐकणारा पाठ उभी ठेवतो आणि पुन्हा बैठकीत शिरतो. पाठ कललेली असायलाच हवी, फक्त तिला पोक येता कामा नये.

हे शिकायचं भिंतीपासून. भिंतीकडे पाठ करून, टाचांमागे एक पाऊल मावेल एवढं अंतर ठेवून उभे राहा. दोन्ही हातांच्या कडा जांघेच्या घडीवर दाबा आणि ती घडी मिटवत बूड भिंतीला टेकवा. मांडीची मागची बाजू ताणली गेली पाहिजे. जमलं की दोन बोटं पुढे सरका आणि पुन्हा टेकवा. टेकवायला गुडघे जास्त वाकवावे लागले की थांबा, तुमची मर्यादा तिथे आहे.

मग झाडूची काठी पाठीवर उभी धरा. ती डोक्याच्या मागे, दोन खवाट्यांच्या मध्ये आणि माकडहाडाला अशी तीन ठिकाणी टेकलेली हवी. या तिन्हींपैकी एकही जागा न सोडता तसंच वाकायचं. माकडहाडापासून काठी सुटली की कमरेला पोक आला. हे कोणाला तरी बाजूने बघायला सांगा किंवा मोबाइल गुडघ्याच्या उंचीवर ठेवून बाजूने व्हिडिओ काढा. समोरच्या आरशात यातलं काहीच दिसत नाही.

हे जमल्यावर बेल हातात घ्या, पण झुलवू नका. ती घोट्यांच्या मध्ये ठेवून तशाच घडीतून उचला आणि तशीच खाली ठेवा. दहा-दहाचे तीन सेट, दोन आठवडे. हे दोन आठवडे कंटाळवाणे आहेत आणि मी ते कोणालाही माफ करत नाही.

पुढची पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. बेल पायांपुढे फूटभर ठेवा, घडी घाला, मूठ पकडून बेल आपल्याकडे कलती करा आणि मांड्यांमधून मागे फेका. मग वर न उठता ती पुन्हा पुढे जागेवर आणून टेकवा. एवढंच. मागे जाताना बेल गुडघ्यांच्या वर राहिली पाहिजे आणि मनगटांच्या वरचा भाग मांडीच्या आतल्या बाजूला वरपर्यंत लागला पाहिजे. बेल गुडघ्यांखालून गेली तर तिचं सगळं ओझं कमरेवर येतं.

आता उभे राहा. पटकन, पाय जमिनीत रोवून, कुल्ले आवळून, गुडघे सरळ करून. हात फक्त दोर आहेत. तुम्ही झटक्यात ताठ झालात की बेल आपसूक छातीपर्यंत तरंगत येते. वर पोचल्यावर मागे रेलू नका, टाचेपासून डोक्यापर्यंत सरळ रेष हवी. त्याच क्षणी तोंडाने तुटक श्वास सोडा, बेल खाली येताना नाकाने घ्या. श्वास कोंडून ठेवून रेप्स (आवर्तनं) काढू नका.

मला स्वतःला सर्वांत जास्त झगडावं लागलं ते बेल वरून खाली येतानाच्या क्षणाशी. बेल पडायला लागली की आपणही तिच्याबरोबर वाकतो. ते नैसर्गिक वाटतं, पण त्यामुळे बेल लांबून, खालून फिरते आणि प्रत्येक फेरीला कमरेला हिसका बसतो. थांबायचं असतं. बेल येऊ द्या, ताठ उभे राहा, हात ओटीपोटाला टेकताहेत असं वाटलं की मग घडी घाला. जेमतेम अर्ध्या सेकंदाचा हा उशीर आहे, पण तोच स्विंग आणि कंबरदुखी यांच्यातला फरक आहे. सुरुवातीला बेल अंगावर येईल अशी धास्ती वाटते. घडी वेळेत पडते, फक्त आधी पडता कामा नये.

जमलंय की नाही याची खात्री टॉवेलने करा. जाडसर पंचा किंवा छोटा टॉवेल मुठीतून ओवा, दोन्ही टोकं एकत्र घट्ट धरा आणि हलकेच पाच स्विंग करा. जोर खुब्यातून येत असेल तर वर पोचल्यावर हात, टॉवेल आणि बेल एका रेषेत दिसतात. खांद्याने उचलत असाल तर बेल टॉवेलच्या टोकाला खाली लोंबते. इथे स्वतःची समजूत घालायला जागा नाही. दुसऱ्या दिवशी दुखायला हवं ते मांडीच्या मागे आणि कुल्ल्यांत. कंबर दुखली तर झाडूच्या काठीकडे परत जा.

काही ठिकाणी बेल थेट डोक्यावर नेणारा स्विंग शिकवतात. त्याच्या वाटेला जाऊ नका. ज्यांचे खांदे आखडलेले आहेत ते, म्हणजे दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणारे बहुतेक सगळे, ती उंची कमरेला कमान देऊनच गाठतात.

सर्किट

अंग गरम करून घ्या. मग हे सलग:

स्विंग १५
जोर ८ ते १०
गॉब्लेट बैठक ८
एका हाताने रोइंग, प्रत्येक बाजूला ८
सूटकेस चाल, प्रत्येक हाताला ३० सेकंद

नंतर दीड मिनिट विश्रांती. सुरुवातीला तीन राउंड, दोन-तीन महिन्यांत पाच. पाच राउंडना साधारण पंचवीस मिनिटं लागतात आणि धाप लागल्यामुळे थांबावं लागत नसताना त्याहून जास्त लागत असतील तर तुम्ही फोन बघताय.

हा क्रम बदलू नका. स्विंगला सर्वांत जास्त भान लागतं, म्हणून तो ताज्या श्वासावर. त्यानंतर जोर, कारण पकडीला तेवढीच उसंत मिळते. गॉब्लेट बैठकीत बेल छातीशी मुठीच्या दोन्ही बाजूंनी धरायची आणि कोपरं गुडघ्यांच्या आत न्यायची. इथे मात्र मनसोक्त बैठक मारा. रोइंग म्हणजे पुढे कलून बेल कमरेकडे ओढणं, त्यावेळी दुसरा हात पलंगाच्या कडेवर टेकवा. सूटकेस चाल म्हणजे एका हातात बेल घेऊन, खांदे समतल ठेवून, खोलीत किंवा गॅलरीत चालणं. ती शेवटी ठेवली आहे, कारण पकड सुटायला लागली तरी बेल शांतपणे खाली ठेवता येते.

स्विंगचा एक जरी रेप बिघडला तर बेल खाली ठेवा आणि त्या राउंडमधले उरलेले स्विंग सोडून द्या. पंधरा हा आकडा वरची मर्यादा आहे.

दमलेल्या अवस्थेत बर्पी (खाली जोर, मग उडी), स्नॅच (बेल एका झटक्यात डोक्यावर) आणि टर्किश गेट-अप (बेल वर धरून झोपलेलं उठून उभं राहणं) नकोत. गेट-अप उत्तम व्यायाम आहे, पण तो ताज्या अंगाने, सावकाश, वेगळ्या दिवशी करायचा. डोक्यावर लोखंड धरून घाईत उठणं ही कसोटी नव्हे.

‘वीस सेकंद काम, दहा सेकंद आराम, आठ राउंड’ याला सर्रास तबाता म्हणतात आणि त्यात स्विंग बसवतात. हे नाव ज्यांच्यावरून आलं त्या जपानी व्यायामशास्त्रज्ञ इझुमी तबाता आणि सहकाऱ्यांचा १९९६ सालचा अभ्यास व्यायामाच्या स्थिर सायकलवर केला होता. शरीराच्या कमाल प्राणवायू क्षमतेच्या सुमारे १७० टक्के तीव्रतेवर, पुढे पेडल मारवेनासं होईपर्यंत. सायकलवर ताकद संपली की पाय थांबतात. स्विंगमध्ये ताकद संपली की कंबर वाकते आणि बेल फिरतच राहते. ती पद्धत इथे उचलून आणू नका.

विश्रांती घड्याळावर सोडू नका. दीड मिनिट झालं तरी एक पूर्ण वाक्य न धापता बोलता येत नसेल तर अजून थांबा.

मुंबईची हवा आणि लोकलची वेळ

इथल्या दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. मे महिन्यात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात दोन राउंड कमी करा, पंखा सुरू ठेवा, पाण्यात लिंबू, मीठ, थोडी साखर घाला. चक्कर, मळमळ किंवा अंगावर शिरशिरी आली की तिथेच थांबायचं, राउंड पूर्ण करायचा नाही. तळहातांना मॅग्नेशियम कार्बोनेटचा खडू लावा. नुसता टॉवेल जुलैत पुरत नाही.

सहाची लोकल गाठायची म्हणून अनेक जण उठल्या उठल्या बेल उचलतात. रात्रभर आडवं झोपल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात आणि पहाटे वाकताना त्यांच्यावर जास्त ताण येतो. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होऊ द्या, चहा करा, डबा भरा, मग स्विंग. तेवढा वेळ नसेल तर संध्याकाळी करा. पण विरारपर्यंत उभ्याने येऊन थेट बेलला हात लावू नका. दहा मिनिटं आडवे व्हा आणि मग अंग मोकळं करून घ्या.

झाल्यावर बेल कोरड्या फडक्याने पुसा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा खोबरेल तेलाचा हलका हात द्या. मुठीला मात्र तेल नको.

वाढवायचं कसं

आधी राउंड पाच करा. मग विश्रांती दीड मिनिटावरून एक मिनिटावर आणा. त्यानंतर जोर अवघड करा, म्हणजे पाय पलंगावर ठेवून मारा. वजन सर्वांत शेवटी. १६ वरून २४ म्हणजे एकदम निम्म्याने वाढ, म्हणून मध्ये २०ची मिळाली तर घ्या. ती फक्त स्विंगला आणि सूटकेस चालीला वापरा, रोइंग आणि गॉब्लेट बैठक आणखी महिनाभर १६नेच चालू द्या. आणि पहिल्या दिवशी नवीन बेलच्या मुठीतून टॉवेल ओवून बघा.