केन्याच्या पानावर पाहा पोटॅशियमची ये-जा

पोटॅशियम चॅनल म्हणजे पेशीच्या पटलातून पोटॅशियमला ये-जा करू देणारी प्रथिने. ती साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाहीत, पण त्यांचे काम पर्णरंध्रावर, म्हणजे पानावरच्या बारीक छिद्रावर, स्वच्छ दिसते. रंध्राच्या दोन्ही बाजूंच्या रक्षक पेशीत पोटॅशियम शिरले की मागोमाग पाणी शिरते, पेशी फुगते आणि रंध्र उघडते. पोटॅशियम बाहेर पडले की मिटते. प्रयोगाला केना (कोमेलिना प्रजातीतले तण) घ्या. पावसाळ्यात बांधावर हवा तेवढा मिळतो आणि पानाच्या खालचा पापुद्रा सहज सुटतो.

आधी दोन द्रावणे करा. पहिल्यात 0.213 ग्रॅम एमईएस मोनोहायड्रेट (पीएच स्थिर ठेवणारे बफर) आणि 0.373 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून एकूण 100 मिली करा. म्हणजे पोटॅशियम 50 मिलिमोलर होते. दुसऱ्यात पोटॅशियम क्लोराइडऐवजी 1.82 ग्रॅम मॅनिटॉल घाला, म्हणजे दोन्हींचा परासरण दाब जवळपास सारखा राहतो. दोन्हींचा पीएच ट्रिस या अल्कधर्मी पदार्थाने 6.15 करा. इथे पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरले तर दुसऱ्या द्रावणातही पोटॅशियम जाते आणि तुलनाच बिघडते. तुलनेला मीठही नको: कोमेलिना प्रजातीत सोडियमनेही रंध्रे उघडतात आणि मग नीट मिटत नाहीत.

झाड रात्रभर अंधारात ठेवा. सकाळी मंद उजेडात पानाच्या खालच्या बाजूला हलका छेद देऊन चिमट्याने पापुद्रा सावकाश ओढा. हिरवा गर चिकटलेला भाग टाकून द्या. सुमारे 5 मिमीचे तुकडे करून आतली बाजू द्रावणाला टेकेल असे तरंगवा. सगळे तुकडे आधी दीड-दोन तास मॅनिटॉलच्या द्रावणात अंधारात ठेवा. मग निम्मे पोटॅशियमच्या द्रावणात हलवा, निम्मे ताज्या मॅनिटॉलमध्ये, आणि दोन्ही बशा 25 अंशांच्या आसपास पांढऱ्या एलईडीखाली अडीच-तीन तास ठेवा. 400 पट मोठे करून ऑक्युलर मायक्रोमीटरने रंध्रांची रुंदी मोजा. प्रत्येक बशीतली किमान 40 रंध्रे मोजा, तीन वेगवेगळ्या पानांवरची. कोणती बशी कोणती हे मोजणाऱ्याला सांगू नका.

पोटॅशियमच्या बशीतली रंध्रे जास्त उघडलेली असतील. का, हे आकड्यांत पाहू. केन्याच्या जवळच्या कोमेलिना कम्युनिसमध्ये मिटलेल्या रंध्राच्या रक्षक पेशीत पोटॅशियम सुमारे 95 मिलिमोलर, तर उघड्या रंध्राच्या पेशीत सुमारे 448 मोजले गेले आहे. बाहेर 50 आणि आत 448 असताना समतोलाचा विद्युतदाब, म्हणजे ज्या दाबावर पोटॅशियमची आत-बाहेर वाहणी सारखी होते तो, सुमारे −56 मिलिव्होल्ट येतो. पेशीच्या पटलाचा विद्युतदाब याहून ऋण असेल तरच चॅनलमधून पोटॅशियम आत येते. चॅनल स्वतः आयन ओढत नाही. निळ्या प्रकाशाने जागा झालेला प्रोटॉन पंप एटीपी खर्चून प्रोटॉन बाहेर टाकतो, विद्युतदाब −100 मिलिव्होल्टच्याही खाली नेतो, आणि त्या दाबावर केएटी1 सारखे पोटॅशियम आत घेणारे चॅनल उघडतात. बाहेर फक्त 1 मिलिमोलर असते, तर −157 च्या खाली जावे लागले असते. म्हणूनच द्रावणात 50 घेतो. आत आलेला साठा रिक्तिकेत (पेशीतल्या साठवणीच्या पिशवीत) भरण्याचे काम मात्र ट्रान्सपोर्टर प्रथिनांचे: अॅराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या रोपात एनएचएक्स प्रथिने रिक्तिकेतला एक प्रोटॉन बाहेर सोडून त्याच्या बदल्यात पोटॅशियम आत घेतात.

मिटण्याची बाजू पाहायची तर उघडलेल्या तुकड्यांच्या 10 मिली द्रावणात अॅब्सिसिक आम्ल या वनस्पती-संप्रेरकाचे इथेनॉलमधले 10 मिलिमोलर द्रावण 10 मायक्रोलिटर घाला. दुसऱ्या बशीत नुसते इथेनॉल तेवढेच. तासाभराने मोजा. या संप्रेरकाने आधी ऋणायनांचे चॅनल उघडतात, पटलाचा ऋण विद्युतदाब उतरतो, आणि मग पोटॅशियम जीओआरके या बाहेर सोडणाऱ्या चॅनलमधून बाहेर वाहते.

रंध्रे उघडलीच नाहीत, तर आधी पाणी तपासा. बोअरच्या जड पाण्यातले कॅल्शियम उघडणे रोखते. दिव्याच्या उष्णतेने तापमान वाढले का तेही पाहा. बशीवर वाकून श्वास सोडू नका, कार्बन डायऑक्साइडने रंध्रे मिटतात. उलट, मॅनिटॉलमध्येही रंध्रे सताड उघडी दिसली, तर शेजारच्या पेशी ओढताना मेल्या असण्याची शक्यता मोठी आहे. त्यांच्यातल्या पाण्याचा दाब गेला की रक्षक पेशी पोटॅशियमशिवायही पसरतात. हे ओळखायला मोजणी झाल्यावर तुकडे उदासीन पीएचच्या न्यूट्रल रेड या रंगाच्या पातळ द्रावणात दहा मिनिटे ठेवा. जिवंत पेशींच्या रिक्तिका लाल होतात. ज्या रंध्रांच्या रक्षक पेशी रंग घेत नाहीत, ती मोजणीतून वगळा.