रात्री दोन तासांत सोलरची बॅटरी बसायची, शेवटी असं सुटलं

दिवसभर कडक ऊन, चार्ज कंट्रोलर (पॅनलवरून बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा डबा) बॅटरी फुल दाखवतोय आणि रात्री दोन तासांत इन्व्हर्टर लो बॅटरी म्हणून बंद. पॅनल वाढवलं, वायर जाड टाकली, तसलीच अजून एक बॅटरी पॅरलल लावली, फरक शून्य. जाम वैताग आला होता. चूक बॅटरीच्या प्रकारातच होती, मी गाडीच्या वापरत होतो, त्यांच्या प्लेटा पातळ, स्टार्टरला क्षणभर मोठा करंट द्यायला बनवलेल्या, रोज खोलवर उतरवल्या की मरणारच.

मग आधी रोजचा वापर काढला, इन्व्हर्टरचा लॉस धरून ६०० वॉट-तास. दोन दिवसांचे १२००, लेड-ॲसिड निम्म्याखाली उतरवायची नाही म्हणून २४००, भागिले १२ व्होल्ट म्हणजे २०० एएच (अँपिअर-तास, बॅटरीची क्षमता). हा आकडा सी२० रेटिंगचाच (२० तासांत उतरवून मोजलेला) बघा, सी१०० वर (१०० तासांत उतरवून) तीच बॅटरी मोठी दिसते!

६ व्होल्टच्या २०० एएच डीप सायकल (रोज खोलवर उतरवायला बनवलेल्या) दोन घेऊन सिरीजमध्ये जोडल्या, कारण पॅरललमध्ये चार्ज सारखा वाटला जाईलच असं नाही. शेवटी कंट्रोलरमध्ये बॅटरीचा टाइप सील्डवरून फ्लडेड (पाणी टाकायची बॅटरी) केला, ॲब्सॉर्प्शन (बॅटरी पूर्ण भरायच्या टप्प्याचं व्होल्टेज) १४.६ व्होल्ट ठेवलं (तुमच्या बॅटरीच्या डेटाशीटमधलं बघून टाका). आता पहाटे लोड बंद करून मोजलं तरी १२.४ व्होल्ट असतात.