पिकअप कॉइल मीटरवर ‘ओके’, तरी गाडी बंद पडते? तपासताना या चुका टाळा

सकाळी पहिल्या किकला चालू होणारी गाडी वीस-पंचवीस किलोमीटर गेली की चढावर बंद पडते. अर्धा तास उभी ठेवली की पुन्हा चालू. अशी एक १०० सीसीची बाईक माझ्याकडे आली, तोवर तिचा प्लग, प्लगकॅप आणि सीडीआय (प्लगला ठिणगी देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) बदलून झाला होता. ठिणगी कधी पडायची याचा सिग्नल सीडीआयला देणारी पिकअप कॉइलही कुणीतरी मीटरने बघितली होती आणि ‘ओके’ म्हणून सोडली होती. खोट तिच्यातच होती, पण बघणाऱ्याने गार इंजिनावर बघितली होती.

सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. कॉइलमधली केसासारखी तार आत कुठे तुटली असली, तरी गार असताना टोकाला टोक टेकलेलं राहतं आणि तापलं की सुटतं. म्हणून गाडी बंद पडल्या पडल्या कपलर (वायरींचा जोड) काढून कॉइलचे ओहम, म्हणजे रेझिस्टन्स, मोजा. ते जमत नसेल तर कॉइल बाहेर काढा, मीटर जोडा, हेअर ड्रायरने तापवा आणि आकडा बघत राहा. आकडा हळूहळू चढणारच. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो, त्यामुळे गार असताना २०० ओहम असलेली कॉइल ८० अंशांनी तापली की २६० च्या आसपास जाते. तेवढ्यावरून ती टाकून देऊ नका. त्या बाईकच्या कॉइलचा आकडा मात्र चढता चढता एकदम तुटला आणि स्क्रीनच्या डाव्या कडेला नुसता १ आला.

हा १ म्हणजे एक ओहम नव्हे. साध्या मीटरवर त्याचा अर्थ सर्किट तुटलंय, किंवा तुमची रेंज कमी पडतेय. २२० ओहमची धडधाकट कॉइल २०० च्या रेंजवर लावली तरी १ च दिसतो. रेंज २००० ची घ्या. बीपवरही विसंबू नका. बहुतेक मीटरचा बझर थोड्याच ओहमपर्यंत वाजतो, म्हणून चांगली पिकअप कॉइलही त्यावर गप्प बसते.

चारचाकीत पिकअप कॉइलचंच काम करणारा तीन वायरींचा क्रँक सेन्सर दिसला तर थेट ओहमवर जाऊ नका. तो हॉल सेन्सर (चुंबकाचा बदल ओळखणारा) असेल तर आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं, ओहमचा आकडा काहीच सांगत नाही. आधी सप्लाय बघा (गाडीप्रमाणे ५ किंवा १२ व्होल्ट), मग अर्थची (ग्राउंडची) वायर. त्यानंतर इग्निशन चालू ठेवून, गाडी न्यूट्रलमध्ये घेऊन क्रँक पान्याने हळू फिरवा. सिग्नल वायरचा व्होल्टेज वर-खाली व्हायला हवा. पण तिसरी वायर कधी कधी नुसती शील्डची (बाहेरचा विजेचा अडथळा रोखणाऱ्या आवरणाची) असते आणि सेन्सर साधा कॉइलचाच निघतो, म्हणून वायरिंग डायग्राम समोर ठेवा.

कॉइल ठीक निघाली तर तेच ओहमचं माप सीडीआयच्या किंवा ईसीयूच्या (चारचाकीच्या इंजिन कॉम्प्युटरच्या) कपलरवर, ते काढून, वायरिंग हलवत हलवत घ्या. हँडलच्या वळणापाशी आतून तुटलेली वायर अशीच सापडते.

आणि मीटरचा जाड प्रोब (टोकाची सळी) कपलरच्या फीमेल पिनमध्ये दाबून घालू नका. पिन फाकते, वायर ढिली बसते आणि नसलेला मिसफायर (ठिणगी चुकणं) तुम्हीच लावून देता. वायरची साल टोचूनही माप घेऊ नका. त्या भोकातून पावसाळ्यात पाणी शिरतं आणि तांबं हिरवं पडतं. मागच्या बाजूने, सीलच्या कडेने बारीक टाचणी सरकवा आणि प्रोब तिला लावा.