आषाढात टिकेल तेच यंत्र : पॉलिहाऊससाठी पहिला सोलर प्रकल्प बांधताना

इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करणारी मुलंमुली माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेकांचा प्रकल्प आधीच ठरलेला असतो. सोलरवर चालणारं हरितगृह, म्हणजे प्लॅस्टिक फिल्मचं पॉलिहाऊस. पंखे आपोआप, फॉगर (पाण्याचे बारीक तुषार उडवणारा) आपोआप, ड्रिप आपोआप आणि सगळे आकडे मोबाइलवर. मी त्यांना एकच विचारते : आषाढात सलग चार दिवस ऊन पडलं नाही, तर यातलं काय चालू राहील?

कोल्हापुरात सोलर शिकायचं तर सुरुवात इथूनच करावी. मे महिन्यात काहीही चालतं. छोटं पॅनेल, जुनी बॅटरी, कसंही केलेलं वायरिंग, सगळं खपून जातं. महाविद्यालयांतली प्रात्यक्षिकंही बहुधा मार्च-एप्रिलमध्येच होतात, म्हणून टेबलावर प्रकल्प झकास चालतो. शेतकऱ्याला मात्र त्याची गरज पडते ती पावसाळ्यात, पॉलिहाऊसमध्ये दमटपणा कोंडून राहतो तेव्हा. त्यातही आपला जिल्हा एकसारखा नाही. गगनबावडा-राधानगरीकडे पाऊस उसंत घेत नाही, तर शिरोळ-हातकणंगल्यात त्याच आठवड्यात ऊन-सावलीचा खेळ चाललेला असतो. मी हिशोब नेहमी पश्चिमेकडचा धरून करते. यंत्र पूर्वेला लागलं तर फायदाच आहे.

यंत्राने करायचं काय, हे मात्र आपण ठरवायचं नाही, ज्याचं पॉलिहाऊस आहे त्याला विचारायचं. जरबेरा घेणाऱ्या एका आण्णांना मी सेन्सरची माहिती देत होते. ते शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "पोरी, आकडं नगंत मला. पडदं कवा पाडायचं आन् कवा वर करायचं, एवढं सांग बघ." प्रकल्पाची याहून स्पष्ट व्याख्या मला कुठल्या पुस्तकात सापडली नसती. बाजूचे पडदे हातानेच फिरवायचे असतात, त्याला वीज लागत नाही. यंत्राने तापमान आणि आर्द्रता मोजायची आणि ठरलेल्या मर्यादेबाहेर आकडा गेला की दिवा लावायचा किंवा निरोप पाठवायचा. गरम-कोरड्या हवेत लाल कोळी वाढतो, दमट कोंडलेल्या हवेत बुरशी येते. या दोन टोकांची वेळेवर सूचना मिळाली तरी शेतकऱ्याचं मोठं काम होतं. पहिल्या प्रकल्पात एवढंच करा. मोटर, पंखा, फॉगर यांना हात लावू नका.

आता वीज. नवखी मुलं पॅनेलपासून सुरुवात करतात, "किती वॉटचं घेऊ?" पॅनेल सर्वांत शेवटी येतं. आधी खप मोजायचा.

समजा, ईएसपी32 बोर्ड (सेन्सर वाचणारा, प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) वाय-फायसकट सतत चालू ठेवला आणि तो 5 व्होल्टवर सरासरी 100 मिलीअँपिअर घेतो. म्हणजे अर्धा वॉट. दिवसाचे 24 तास धरले की 12 वॉट-अवर. आता तोच बोर्ड दर 10 मिनिटांनी 10 सेकंद जागा करा, आकडे घेऊ द्या, पाठवू द्या आणि पुन्हा डीप स्लीपमध्ये, म्हणजे गाढ झोपेत, घाला. जागेपणी 120 मिलीअँपिअर धरले तरी दहा मिनिटांवर वाटल्यावर सरासरी 2 मिलीअँपिअरच पडतात. झोपेतला खप मात्र फसवा असतो. नुसती चिप झोपेत मायक्रोअँपिअरमध्ये वीज घेते, पण आपण विकत आणतो तो डेव्हलपमेंट बोर्ड असतो. त्यावरचा लाल एलईडी, यूएसबीची चिप आणि व्होल्टेज रेग्युलेटर जागेच राहतात. त्यासाठी 8 मिलीअँपिअर धरू. एकूण 10 मिलीअँपिअर, म्हणजे दिवसाला 1.2 वॉट-अवर. काम तेच, खप एक दशांश.

हा फरक कागदावर समजतो, पण पटतो तो मल्टिमीटर लावल्यावरच. मीटर वायरीच्या मध्ये घालून करंट मोजायला पहिल्याच आठवड्यात शिका. मीटरची लाल पिन अँपिअरच्या भोकात आहे की व्होल्टच्या, हे दर वेळी बघायची सवय लावून घ्या. अँपिअरवर असलेला मीटर थेट बॅटरीला लावला की शॉर्टच होतो.

खप हातात आला की ऊन मोजायचं. दिवसभराचं कमी-जास्त ऊन गोळा केलं तर त्यातून पूर्ण कडक उन्हाचे किती तास भरतील, यावर हिशोब चालतो. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे असे सहाच्या आसपास तास मिळतात. पावसाळ्यासाठी मी दोनच धरते. जुलैची सरासरी याहून बरी असते, पण यंत्र सरासरीने बंद पडत नाही, सलग आलेल्या वाईट दिवसांनी बंद पडतं. सतत जागा असलेल्या बोर्डाचे 12 वॉट-अवर, त्यात गळतीचे तीस टक्के मिळवले की साडेपंधराच्या वर. भागिले दोन तास, म्हणजे आठ वॉट. बाजारात 10 वॉटचं पॅनेल मिळतं, ते घ्यायचं. झोपणाऱ्या बोर्डाला 1 वॉटसुद्धा पुष्कळ, तरी धूळ आणि सावली धरून मी 5 वॉटचं लावते.

बॅटरीचा हिशोब ऊन नसलेल्या दिवसांवर. चार दिवस धरले तर सतत जाग्या बोर्डाला 48 वॉट-अवर हवेत. यूपीएसमध्ये असते ती 12 व्होल्ट 7 अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी कागदावर 84 वॉट-अवरची, पण ती निम्म्याच्या खाली वारंवार उतरवली की लवकर मरते. म्हणजे हाताशी 42. कमी पडते. लिथियम आयर्न फॉस्फेटची 12.8 व्होल्ट 6 अँपिअर-अवरची बॅटरी ऐंशी टक्के वापरली तरी 61 वॉट-अवर देते, ती पुरते. झोपणाऱ्या बोर्डाला मात्र 2.5 अँपिअर-अवरचा एकच 18650 सेल (नळकांड्यासारखा छोटा लिथियम-आयन सेल) चार दिवस आरामात खेचतो. कोडच्या चार ओळींनी बॅटरीचा आकार किती उतरतो, ते इथे दिसतं. साधा लिथियम-आयन सेल 45 अंशांच्या वर चार्ज करू नये असा नियम आहे, आणि उन्हाळ्यात बंद पॉलिहाऊसमधल्या डब्यात तेवढं तापमान सहज चढतं. म्हणून सेलचा डबा बाहेर, सावलीत, वारा लागेल असा. शक्य असेल तिथे मी फॉस्फेटचीच बॅटरी वापरते. ती उष्णतेला जास्त सोसते. चार्ज कंट्रोलरवर (पॅनेलची वीज बॅटरीत बेताने भरणारा भाग) बॅटरीचा प्रकार निवडायची सोय असते, तो बरोबर निवडलाय ना हे बघा.

जोडणीचा क्रम पाठ करा : कंट्रोलरला आधी बॅटरी, मग पॅनेल, शेवटी लोड, म्हणजे वीज घेणारा आपला बोर्ड. काढताना उलटा. बॅटरीच्या धन टोकाजवळच फ्यूज हवा. बॅटरीचं व्होल्टेज बोर्डाला वाचायला द्यायचं तर 100 किलोओहम आणि 22 किलोओहमच्या दोन रेझिस्टरचा विभाजक लावा, तो व्होल्टेज वाटून कमी करतो. 14.6 व्होल्ट आले तरी पिनेवर 2.6 च्या आसपासच पडतात, आणि ईएसपी32 ची पिन 3.3 व्होल्टच्या वर नेता येत नाही. वाचायला 32 ते 39 मधलीच पिन घ्या. दुसऱ्या गटातल्या ॲनालॉग पिना वाय-फाय चालू असताना भरवशाचं वाचत नाहीत. प्रोग्राम बरोबर असूनही आकडे वेडेवाकडे येत असतील तर आधी हेच तपासा.

पॅनेल पॉलिहाऊसच्या बाहेर, दक्षिणेला बसवायचं. आत ठेवलं तर प्लॅस्टिक फिल्म ऊन अडवते, वर सांगाड्याची सावली. पॅनेलमधले सेल एकामागोमाग जोडलेले असतात, त्यामुळे नारळाची एक झावळी एका कोपऱ्यावर आली तरी सगळ्या पॅनेलची वीज घसरते. कोल्हापूरचा अक्षांश 16.7, म्हणून दक्षिणेकडे सतरा अंशांचा उतार ठेवते. मे ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य उलट थोडा उत्तरेला असतो, तेव्हा या उताराचा तोटा होतो, पण किरकोळ. शिवाय उतार असला की पावसाने काच धुऊन निघते. स्टँड शिवाजी उद्यमनगरात अँगल कापून करून घ्या. तिथले कारागीर कागदावरचं चित्र बघून, आपल्या लक्षातही आला नसेल असा वाऱ्याचा आधार सुचवतात.

आणि ऊस. गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्यांची आणि गुऱ्हाळांची काजळी, जाळलेल्या पाचटाची राख पॅनेलवर बसते. या दिवसांत पाऊसही नसतो. आठवड्याला ओल्या फडक्याने काच पुसायची, सकाळी, काच गार असताना. हे शेतकऱ्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

सेन्सरबद्दल थोडं जास्त सांगते, कारण पॉलिहाऊसमध्ये सगळ्यात आधी तोच दगा देतो. किटमध्ये येणारा निळा डीएचटी11 सरावाला ठीक आहे, पण त्यात दोन अंशांची चूक गृहीत असते आणि ऐंशी टक्क्यांपुढच्या आर्द्रतेवर त्याचा भरवसा धरता येत नाही. आपल्याला नेमकी तिथलीच आर्द्रता हवी असते. डीएचटी22 बरा, एसएचटी31 आणखी चांगला. कोणताही घेतलात तरी त्याची परीक्षा घरी होते. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओलं लगदा होईल एवढंच पाणी घाला, झाकण आणि सेन्सर हवाबंद डब्यात काही तास ठेवा. 25 अंशांच्या आसपास आत 75 टक्के आर्द्रता ठरते. सेन्सर 81 दाखवत असेल तर सहाचा फरक वहीत लिहा आणि कोडमध्ये वजा करा. मातीच्या तापमानाचा डीएस18बी20 असेल तर त्याला बर्फाच्या चुऱ्यात घालून शून्य दाखवतो का बघा. मातीचा ओलावा मोजायला दोन उघड्या दांड्यांचा सेन्सर घेऊ नका, त्यातून वीज गेली की दांड्या गंजून झिजतात. कपॅसिटिव्ह प्रकारचा घ्या आणि वरच्या कडेचे सर्किटचे भाग वॉर्निशने झाका.

सेन्सर पिकाच्या शेंड्याच्या उंचीवर, सावलीत टांगायचा. उन्हात टांगलेला सेन्सर हवेचं नाही, स्वतःचंच तापमान सांगतो. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या बशा एकावर एक अंतर ठेवून बोल्टने जोडल्या की चांगली छत्री होते. पहाटे फिल्मवरून पाणी ठिबकतं, म्हणून सर्किटच्या डब्याला वायरी खालूनच आत घ्या आणि आत जाण्याआधी वायरीला खाली झोळ द्या. पाणी त्या झोळातून टपकून जातं.

शेतात वाय-फाय नसतं, तेव्हा निरोप पाठवायचा कसा, हा प्रश्न येतोच. घर पॉलिहाऊसपासून थोडं लांब असेल तर लोरा, म्हणजे कमी विजेवर लांबवर निरोप पाठवणारा रेडिओ, घ्या. 865 ते 867 मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे विनापरवाना वापरता येतो आणि खपही कमी. सिमकार्डाचं सिम800 मॉड्यूल क्षणभर दोन अँपिअरपर्यंत ओढतं, छोट्या सेलवर बोर्ड तिथेच रीसेट होतो. पहिल्या यंत्राला एसडी कार्ड आणि लाल-हिरवा दिवा पुरे. सुटे भाग शहरात बरेचसे मिळतात, न मिळालेले पुण्याच्या तपकीर गल्लीत.

या सगळ्याची वही ठेवा : मोजलेला खप, रोज पहाटेचं बॅटरीचं व्होल्टेज, कुठल्या दिवशी किती ढग. नोकरीसाठी गोकुळ शिरगावला, शिरोलीला किंवा कागलच्या एमआयडीसीत जाल तेव्हा यंत्राच्या फोटोपेक्षा ही वही पुढे करा. मुलाखत घेणारा विचारेल, "10 वॉटचंच पॅनेल का?" त्याला तुमच्याकडे आकड्यांत उत्तर असेल. कृषी शाखेच्या मुलांनाही मी हेच सांगते. सोल्डरिंग त्यांना पंधरवड्यात येतं. पिकाची नजर त्यांच्याकडे आधीपासून असते, ती आम्हा इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना सहज येत नाही.

एक पावसाळा यंत्र न थांबता चाललं की मग रिले (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) आणि 12 व्होल्टचा छोटा पंखा जोडा. आधी त्याचा खप मोजा : 2.4 वॉटचा पंखा सहा तास चालला तर 14.4 वॉट-अवर, म्हणजे सतत जागं असलेल्या बोर्डापेक्षाही जास्त. पॅनेल आणि बॅटरीचा हिशोब पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागेल. फॉगरचा पंप महावितरणच्या लाइनवरच राहू द्या, आणि त्याचा स्टार्टर उघडायचा झाला तर परवानाधारक वायरमनला बोलावून त्याच्यासमोरच उघडा.