आधी वही, मग परीक्षा

मी जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यातला निवृत्त विज्ञान शिक्षक. "सर, पोरगं लई हुशार आहे, कुठला क्लास लावू?" असं विचारत कुणी ओट्यावर येऊन बसलं की मी आधी दोनशेपानी वही आणायला सांगतो.

हुशार म्हणजे नव्वद टक्केवालं नव्हे. उत्तर मिळाल्यावरही "कसाले?", म्हणजे "कशाला?", म्हणत मागे लागतं, ते. माझ्या मुलाला मी चौथीतच क्लासला घातलं. दोन वर्षांत सूत्रं पाठ झाली, प्रश्न मात्र बंद झाले.

वहीसाठी सामान घरचंच. कपाशीत कामगंध सापळा असतो. त्यात गुलाबी बोंडअळीचे किती पतंग पडले, ते पोरानं रोज सकाळी मोजून तारखेनिशी लिहायचं, महिन्यानं आलेख काढायचा. पतंग इथंच का येतात, असं त्यानं विचारेपर्यंत गप्प बसा. मग सांगा, आतल्या गोळीला मादीचा वास आहे, म्हणून नर फसतात.

मेच्या शेवटच्या आठवड्यात अंगणात ओळंब्यात काठी रोवा. दुपारी बारा ते एक, दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडा ठेवायचा. एका दिवशी साडेबाराच्या सुमारास सावली दिसेनाशी होते. ऊन मरणाचं असतं, डोक्याला रुमाल हवाच. जुलैच्या मध्यात पुन्हा संधी येते, पण तेव्हा ढग. पुण्याच्या मावशीकडे हेच जवळपास दोन आठवडे आधी घडतं आणि दिल्लीत कधीच नाही. का, ते त्यालाच शोधू द्या.

एखाद्या विषयात फार पुढे असेल तर त्याच विषयाचं वरच्या वर्गाचं पुस्तक द्या. अख्खी इयत्ता उडवू नका.

आता परीक्षा. नवोदयची पाचवीत असते, किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांना. जरूर द्या, पण तिच्यात विज्ञान नाही. खरी कसोटी होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेची, सहावी आणि नववीत. मराठीतूनही देता येते. लेखीनंतर प्रात्यक्षिक, मग प्रकल्प आणि मुलाखत. पाठांतरवाले प्रात्यक्षिकाला अडकतात. केंद्र सरकारच्या इन्स्पायर मानक योजनेला सहावीपासून नव्या उपकरणाची कल्पना पाठवता येते, निवडली गेली तर दहा हजार रुपये मिळतात. मात्र नाव शाळेलाच पाठवावं लागतं. तेव्हा मुख्याध्यापकांना भेटायला जाताना ती वही सोबत न्या.