पहिल्या तीन भेटी

मानसशास्त्रात एम.ए. करून समुपदेशनात येऊ पाहणारी मुलं-मुली मला हटकून विचारतात, "मॅडम, कुठली थेरपी आधी शिकू?" सोलापुरात बारा वर्षं हे काम केल्यावर मी त्यांना उलट विचारते: समोर बसलेल्या माणसाशी नक्की काय ठरवायचं, हे शिकलात का?

माझ्याकडून चुकलेली एक केस सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. शहराच्या पूर्व भागातल्या एक अक्का, विडी कामगार. घरी तेलुगू, माझ्याशी मराठी. छातीत धडधड, रात्री झोप नाही, घास घशाखाली उतरत नाही. डॉक्टरांनी सगळं तपासून माझ्याकडे पाठवलं होतं. पहिल्याच भेटीत अक्का भरभरून बोलल्या, रडल्या, निघताना माझा हात धरून उभ्या राहिल्या. मला वाटलं, जमलं. दुसऱ्या भेटीत मी त्यांना नोंदवही दिली: काय घडलं, मनात काय आलं, कसं वाटलं, रोज लिहायचं. "हो मॅडम," म्हणाल्या. तिसऱ्या भेटीला आल्या नाहीत.

दीड महिन्याने दारात उभ्या. पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली. कोरी. अक्कांना लिहिता येत नव्हतं आणि ते मला सांगायची त्यांना लाज वाटली होती. मी विचारलंच नव्हतं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बोर्डिन यांनी १९७९ मध्ये थेरपिस्ट आणि क्लायंटच्या नात्याचे तीन भाग सांगितले: एकमेकांबद्दलचा विश्वास, कुठे पोचायचं यावर एकमत, आणि तिथे पोचायला काय करायचं यावर एकमत. परीक्षेसाठी मी हे पाठ केलं होतं. अक्कांच्या वेळी पहिले दोन भाग होते, तिसरा नव्हता. आपुलकी असली की नातं झालं, असं नव्या माणसाला वाटतं. मलाही वाटलं होतं.

या नात्यावर भरपूर संशोधन झालं आहे. २०१८ मध्ये २९५ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, त्यांत ३० हजारांहून जास्त माणसं होती. नातं किती जुळलं आणि गुण किती आला, यांचा सहसंबंध ०.२८ च्या आसपास निघाला (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण). म्हणजे गुण येण्यातल्या फरकाचा साधारण ८ टक्के भाग. आकडा लहान वाटेल. पण थेरपीच्या नावाजलेल्या पद्धती एकमेकींशी ताडून पाहिल्या, तर त्यांच्यातला फरक सहसा याहूनही कमी भरतो. म्हणून पद्धत शिकू नका असं मी म्हणत नाही. पद्धत हवीच, नाहीतर तिसऱ्या भागात द्यायला तुमच्याकडे काहीच उरत नाही.

आणि आपल्याकडे वेळ कमी असतो. माझ्याकडे येण्यात अक्कांचा अर्धा दिवस जातो, तेवढ्या विड्या कमी वळल्या जातात, आणि मजुरी हजारी विड्यांवर. अशा माणसाला दोन वर्षांची थेरपी सांगून काय उपयोग? थोडक्या भेटींतही काम होतं. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांवर तीव्र नैराश्य असलेल्या लोकांना सहा ते आठ भेटींची बोलण्याची थेरपी दिली गेली. देणारे तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. २०१७ मध्ये निष्कर्ष आले: नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा या लोकांना जास्त गुण आला. तिथला भर रोजच्या जगण्यात बारीकसारीक कामं पुन्हा सुरू करण्यावर होता.

तेच मी अक्कांबरोबर केलं, या वेळी त्यांना विचारून. शेजारणीकडे जाऊन बसणं त्यांनी सोडलं होतं. बसून आलं की डब्यात एक चिंचोका टाकायचा, असं ठरलं. चिंचोक्याची कल्पना त्यांचीच. पुढच्या वेळी डबा वाजवत आल्या.

तेव्हापासून मी प्रत्येक भेटीची शेवटची पाच मिनिटं राखून ठेवते. "कसं वाटलं?" असं विचारत नाही, कारण त्याला "बरं वाटलं मॅडम" हेच उत्तर येतं. मी विचारते, "हे घरी करायला गेलात तर कुठे अडेल?" मग खरं बाहेर येतं: एकाच खोलीत सहा माणसं, सासू ऐकते, नवऱ्याची रात्रपाळी. एकदा यंत्रमागावरचा एक तरुण म्हणाला, "तुम्ही सारखं घड्याळ बघता." खरं होतं. मी माफी मागितली, घड्याळ त्याच्या पाठीमागच्या भिंतीवरून काढलं, दोघांना दिसेल असं टेबलावर ठेवलं. त्या दिवसानंतर तो वडिलांबद्दल बोलायला लागला. तक्रार आली की घाबरू नका; जो तक्रार करतो तो अजून तुमच्याकडे येतोय.

थोडक्या भेटी सगळ्यांना पुरत नाहीत. भास होत असतील, मरणाचे विचार येत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवा, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चिठ्ठीवर लिहून न देता तिथेच त्यांच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून द्या. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, एम.ए.च्या जोरावर ती पाटी लावू नका.

आणि इथे काम करायचं तर थोडी तेलुगू, थोडी कन्नड कानावर पडू द्या. धडधडीला तेलुगूत 'गुंडे दड' म्हणतात हे मला अक्कांनी शिकवलं. परवा नवीन एक बाई आल्या, पदर छातीशी धरून नुसत्या बसून होत्या. मी विचारलं, "गुंडे दड?" त्यांनी मान वर केली आणि खुर्ची पुढे ओढली.